सॅन अँड्रियासमध्ये १२ मीटरची बस भोवऱ्यासारखी फिरते. जीटीएच्या बाकी भागांत असं का होत नाही?

लांबनाक (प्रश्न)

जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) या व्हिडिओ गेम मालिकेतल्या सॅन अँड्रियासच्या पीसी आवृत्तीत मूळ बसच्या जागी (आयडी ४३१) १२ मीटर लांबीचं मॉडेल बसवलं आहे. मापं अशी: व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) ६ मीटर, पुढचा ओव्हरहँग (चाकांच्या पलीकडे लोंबणारा भाग) २.७, मागचा ३.३, रुंदी २.५५, उंची ३. हँडलिंगच्या फाइलमधली (गाडी कशी चालते त्याचे आकडे असलेली) ओळ मूळचीच आहे, फक्त वजन ५५०० चं १४००० केलंय. म्हटलं जड झाली की शहाण्यासारखी चालेल. झालं उलटंच. चौकात साध्या सेडानची धडक कोपऱ्याला बसली तरी बस गरकन फिरून उलट्या दिशेला तोंड करते. आणि एवढं वजन वाढवूनही पिकअप तिळमात्र कमी झाला नाही, हे आणखी विचित्र.

दुसरी अडचण खेळातल्या सॅन फिएरो या शहराच्या चढांवर. माथ्यावर पोट टेकतं, मागची चाकं नुसती गरगरतात.

पाचव्या भागात एवढीच लांब बस असं काही करत नाही. मालिकेत बसच्या बाबतीत नेमकं बदललं काय, आणि माझ्या बसचा कुठला आकडा आधी हलवू? पुढे तिसरा अ‍ॅक्सल लावून कोच (लांब पल्ल्याची बस) ही करायची आहे, त्याबद्दलही सांगा.

---

जडत्वाचा_मित्र

वजन वाढवलंस तिथेच घोळ झाला. त्या ओळीत वजनाच्या लगेच पुढे टर्न मास नावाचा आकडा असतो. गाडीला फिरवायला किती जोर लागेल ते तो ठरवतो. मूळ बसला वजन ५५०० आणि टर्न मास ३३१८७.९ आहे. भागून बघ, ६.०३ येतात. खेळातल्या कोचचं वजन ९५००, टर्न मास ५७३२४.६. भागाकार पुन्हा ६.०३. हा योगायोग नव्हे. तिसऱ्या भागात आणि व्हाइस सिटी या त्याच्या पुढच्या भागात टर्न मास लिहायची सोयच नव्हती. फाइलमध्ये गाडीची लांबी, रुंदी, उंची द्यायची आणि खेळ स्वतः हिशेब करायचा: लांबीचा वर्ग अधिक रुंदीचा वर्ग, गुणिले वजन, भागिले १२. म्हणजे ठोकळ्याचं साधं सूत्र. सॅन अँड्रियासमध्ये मापं गेली आणि तयार आकडा आला, पण त्यामागचं सूत्र तेच.

आता उलटं गणित कर. ६.०३ गुणिले १२ म्हणजे ७२.४. रुंदी सव्वादोन-अडीच मीटर धरली तर लांबी ८ मीटरच्या थोडी वर निघते. खेळाच्या लेखी मूळ बस ही एवढीच. तू वजन १४००० केलंस आणि टर्न मास तसाच ठेवलास. भागाकार आला २.३७. म्हणजे १४ टनांची, पण जेमतेम ४.७ मीटर लांबीची बस झाली. एवढं वजन मोटारीएवढ्या जागेत कोंबलेलं, आणि धक्का मात्र १२ मीटर लांब पत्र्याच्या टोकाला बसतो. भोवरा होणार नाही तर काय?

तुझ्या मापांना खरा गुणक (टर्न मास भागिले वजन) असा: १४४ अधिक ६.५, भागिले १२, म्हणजे १२.५४. वजन कोचएवढं ९५०० ठेव आणि टर्न मास १,१९,००० च्या आसपास. आकडा मोठा वाटला तरी बिचकू नकोस. ऱ्हायनो रणगाड्याला खेळानेच वजन २५००० आणि टर्न मास २,५०,००० दिलाय.

पिकअप का बदलला नाही? कारण या इंजिनात चाकाचा रेटा, ब्रेक आणि सस्पेन्शनचा जोर, तिन्ही वजनाने गुणूनच लावले जातात. वजन दुप्पट केलं की रेटाही दुप्पट होतो. वजन कळतं फक्त टक्कर झाल्यावर, कोण कोणाला ढकलतं एवढ्यापुरतं. बस मंद हवी असेल तर इंजिन अ‍ॅक्सिलरेशनचा रकाना कमी कर, वजनाला हात लावू नकोस.

---

कोनमापक

वरचं बरोबर आहे, पण चढाच्या तक्रारीवर टर्न मासचा काही उपयोग नाही. ती शुद्ध भूमिती आहे.

जमिनीपासून पोटाची उंची ०.३ मीटर धरली तर ६ मीटर व्हीलबेसला माथ्यावर जास्तीत जास्त ११.४ अंशांचा खटका चालतो. त्याहून तीव्र माथा आला की पोट टेकलंच. उंची ०.४५ केली तर १७ अंशांपर्यंत निभतं. टोकांचा हिशेब याहून वाईट. मागे ३.३ मीटर लोंबतंय, तर ०.३ उंचीला फक्त ५ अंशांचा चढ सुरू झाला तरी मागचं बूड घासतं. पुढे २.७ ला ६ अंश. खऱ्या शहरी बसलाही ही अडचण असतेच, पण खरे रस्ते चढ सुरू होताना गोलाई देतात. सॅन फिएरोचे रस्ते सपाट पट्ट्या जोडल्यासारखे आहेत, जोडावर एकदम कोन बदलतो.

उपाय मात्र सगळा मॉडेल उचलण्याचा नाही. गाडी जमिनीला आपटते ती दिसणाऱ्या पत्र्याने नाही, कोलिजन मॉडेलमधल्या (टक्कर कुठे लागते ते ठरवणाऱ्या, न दिसणाऱ्या आकारातल्या) गोलांनी. तेव्हा मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कोलिजन उघड आणि हे कर:

पोटाखालचे मोठे गोल काढून टाक, त्याजागी दोन्ही कडांना ०.४ ते ०.५ मीटर त्रिज्येचे गोल ओळीने लाव. त्यांचा तळ दिसणाऱ्या पत्र्यापेक्षा १५ सेंटिमीटर वर ठेव. पुढच्या आणि मागच्या टोकाचे शेवटचे दोन-दोन गोल आणखी १० सेंटिमीटर वर घे, म्हणजे तळाला नावेसारखा उतार येतो. माथ्यावर पत्रा क्षणभर डांबरात बुडालेला दिसेल, पण चालत्या गाडीत ते कोणाच्या लक्षात येत नाही. गोळ्या लागण्यासाठीचे पृष्ठभाग वेगळे असतात, त्यांना धक्का लावू नकोस.

हे करून भागलं नाही तरच हँडलिंगमधली सस्पेन्शनची खालची मर्यादा ०.०५ च्या टप्प्याने आणखी उणे कर. साधारण तेवढीच बस वर उठते. एका दमात ०.२ केलं तर चाकं कमानीतून निसटल्यासारखी लोंबकळतात.

वळणाचंही सांगून ठेवतो, कारण पुढची तक्रार तीच येणार आहे. स्टिअरिंग लॉक (पुढची चाकं जास्तीत जास्त किती वळतात तो कोन) ३० अंश आणि व्हीलबेस ६ मीटर असेल, तर वळणाच्या आतल्या बिंदूपासून मागच्या अ‍ॅक्सलचा मध्य १०.४ मीटरवर आणि पुढच्याचा १२ मीटरवर फिरतो. म्हणजे मागची चाकं पुढच्यांपेक्षा १.६ मीटर आतून जातात. तिथेच सिग्नलचा खांब उभा असतो. पुढचा बाहेरचा कोपरा १४.५ मीटरवर, आतली बाजू ९.१ मीटरवर, म्हणजे बस वळताना जवळजवळ साडेपाच मीटर रुंद पट्टा झाडून काढते. मागचं बूड बाहेरच्या बाजूला आणखी ४५ सेंटिमीटर झुलतं, ते वेगळं. लॉक ४० अंशांपर्यंत नेता येतो, तशी मर्यादा फाइलच्या टिपणातच लिहिली आहे. ४० ला मागचा अ‍ॅक्सल ७.१ मीटरवर येतो. पण मग वेगात स्टिअरिंग फार चपळ वाटतं. ३५ बरा.

---

लांबनाक

टर्न मास १,१९,००० आणि वजन ९५०० केलं. सेडानची धडक आता बसला कळतही नाही. कोलिजनही बदललं, माथे पार होतात. पण बस आता आळशी झाली. वळण घेताना आधी सरळच जात राहते, मग उशिरा वळते आणि वळली की थांबत नाही, मागचा भाग झोक्यासारखा येतो. आणि लांब वळणावर हळूहळू कलते ती कलतच जाते.

---

जडत्वाचा_मित्र

अपेक्षितच होतं. इथेच सॅन अँड्रियासच्या इंजिनाची खरी मर्यादा दिसते.

टर्न मास हा एकच आकडा तिन्ही दिशांना लागतो: भोवऱ्यासारखं फिरणं, पुढेमागे डुलणं आणि बाजूला कलणं. खऱ्या बसला बाजूला कलवणं सोपं असतं, कारण त्या दिशेने ती फक्त अडीच मीटर रुंद आणि तीन मीटर उंच असते. तेच सूत्र लावलं तर कलण्याचा गुणक १.३ येतो. खेळ मात्र तिथेही १२.५४ च वापरतो. म्हणजे जवळजवळ दहापट. म्हणून बस कलायला वेळ लावते, आणि कलली की सावरायलाही तेवढाच वेळ लावते. छोट्या वळणावर ती थोर वाटते, लांब वळणावर दगा देते.

तेव्हा तडजोड कर. पूर्ण १२.५४ ऐवजी गुणक ९ ते १० वर आण, म्हणजे ९५०० ला ८५,००० ते ९५,०००. मग पुढच्या गोष्टी या क्रमाने, प्रत्येक वेळी एकच:

१. गुरुत्वमध्याचा उभा आकडा ०.१ च्या टप्प्याने खाली. उणे ०.३ च्या आसपास थांब. जमिनीच्या पातळीखाली नेलास तर बस वळणावर मोटारसायकलसारखी आत झुकायला लागते. ते दिसायला विनोदी असतं आणि चालवायला भयंकर.

२. ट्रॅक्शन बायस ०.४५. ०.५ म्हणजे दोन्ही अ‍ॅक्सलना सारखी पकड, त्याखाली मागच्यांना जास्त. झोका यानेच आवरतो. ०.४ च्या खाली गेलास तर पुढची चाकं सरळच घसरत राहतील.

३. ट्रॅक्शन लॉस वाढवून ०.९ कर. नावावरून उलटं वाटतं, पण चाक घसरायला लागल्यावर किती पकड उरते ते हा आकडा सांगतो. १ म्हणजे काहीच कमी होत नाही.

४. सगळ्यात शेवटी ट्रॅक्शन मल्टिप्लायर, म्हणजे एकूण पकड. हा आधी वाढवलास तर फसशील. पकड जास्त झाली की घसरायच्या ऐवजी बस सरळ कलंडते. जड गाडीला थोडं घसरू देणं हाच उलटण्यावरचा विमा.

चाचणीला एकच जागा ठरव, विमानतळाची धावपट्टी उत्तम. ठरलेल्या वेगाने पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. दुसऱ्या झोक्याला मागचं बूड पहिल्याइतकंच किंवा कमी बाहेर यायला हवं. जास्त आलं तर टप्पा २ कडे परत.

---

थांबा_क्रमांक_९

आकड्यांच्या नादात बस ही बसही असते, हे राहून जातंय.

ओळीच्या शेवटी मॉडेल फ्लॅग (गाडी कुठल्या प्रकारची ते सांगणाऱ्या खुणा) असतात, हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या अंकांत. अगदी उजवीकडच्या अंकात २ म्हणजे ‘ही बस आहे’ आणि ८ म्हणजे ‘ही मोठी गाडी आहे’. पहिल्याने गाडी थांब्यांवर थांबून प्रवासी घ्यायचा प्रयत्न करते, दुसऱ्याने संगणकाचा चालक कोपरे वेगळ्या पद्धतीने घेतो. दोन्ही हवे तर बेरीज १०, हेक्समध्ये ए. बरेच जण ट्रकची ओळ उचलून बसला चिकटवतात, मग २ गळतो आणि थांब्यावरचे लोक बसकडे ढुंकून बघत नाहीत. उलट ८ गळला तर रहदारीत फिरणाऱ्या बस प्रत्येक कोपऱ्यावर फुटपाथ चढतात. १२ मीटरच्या मॉडेलला ८ हवाच.

मालिकेतला इतिहास थोडक्यात. दुसऱ्या भागात (१९९९) बसला थेट कामगिरीच दिली होती: ‘हॉट डॉग होमिसाइड’. थांब्याथांब्यावर प्रवासी भरायचे आणि मांसाच्या कारखान्यात नेऊन उतरवायचे. वरून दिसणाऱ्या खेळात बस म्हणजे लांब चौकोन, पण प्रवासी चढण्याची कल्पना तिथे पक्की झालेली दिसते. तिसऱ्या भागात (२००१) आणि व्हाइस सिटीत (२००२) बस किंवा कोच चालवत थांब्यापाशी नीट उभी केली की लोक चढतात आणि माणशी ५ डॉलर मिळतात. खेळ हे कुठेच सांगत नाही, म्हणून निम्म्या खेळाडूंना पत्ता नसतो. गाडीत जास्तीत जास्त ८ प्रवासी बसतात. मॉडेलमध्ये ४० सीट काढल्या तरी चालकाशिवाय माणसांसाठी ८ च जागा राखलेल्या आहेत, तेव्हा जास्तीच्या सीटवर बाहुल्या बसवण्यात वेळ घालवू नका.

---

कोनमापक

तिसऱ्या अ‍ॅक्सलचं राहिलं. सॅन अँड्रियासच्या गाडीला भौतिकदृष्ट्या चारच चाकं असतात. मधल्या चाकांच्या डमी (चाकाची जागा दाखवणारे बिंदू) दिल्या की चाकं दिसतात, फिरतात, पण भार घेत नाहीत. तेव्हा कोच करताना ठरवायचं एवढंच, की मागची खरी चाकं कुठे असावीत. मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलपैकी पुढचा खरा धरला तर वळण चांगलं, पण ओव्हरहँग वाढतो आणि चढावर बूड घासतं. मागचा धरला तर व्हीलबेस लांबतो, वळण मोठं होतं, पण गाडी सरळ रेषेत स्थिर. महामार्गावरची कोच असेल तर दुसरा पर्याय घे.

चाकाचा आकार मॉडेलमध्ये मोठा केला तरी उपयोग नाही. गाड्यांच्या आयडीई फाइलमध्ये पुढच्या-मागच्या चाकांचे दोन आकडे असतात, ते बदलायचे. हे विसरलं की चाक अर्धं रस्त्यात रुतलेलं दिसतं, आणि माणूस उगाच सस्पेन्शन पिळत बसतो.

---

उभ्याचा_प्रवास

मूळ प्रश्नातलं ‘पाचव्यात असं का होत नाही’ उरलंय.

चौथ्या भागापासून (२००८) इंजिनच बदललं. तिथल्या बसची सस्पेन्शन मऊ आहे, ब्रेक मारला की नाक खाली, वळलं की अंग बाहेर. अनेकांना ती होडी वाटते. मला विचाराल तर मालिकेत वजन जाणवणारी बस तीच. पकडीचे आकडेही बदलले: न घसरता किती आणि घसरल्यावर किती, असे दोन थेट आकडे झाले. या दोन्हींतलं अंतर जास्त ठेवलं तर गाडी अचानक सुटते, कमी ठेवलं तर अलगद.

पाचव्यात (२०१३) जडत्वाचे तीन गुणक मिळतात: एक्स पुढेमागे डुलण्याचा, वाय कलण्याचा, झेड भोवऱ्याचा. वर जी तडजोड करावी लागली ती इथे लागतच नाही. झेड वाढवा, वाय तसाच ठेवा. शिवाय अँटी-रोल बारचा (कलणं रोखणाऱ्या दांड्याचा) जोर आणि पुढच्या-मागच्या रोल सेंटरची (गाडी ज्या बिंदूभोवती कलते त्याची) उंची वेगळी मिळते. बस जास्त कलत असेल तर गुरुत्वमध्य खाली ओढायच्या आधी रोल सेंटर थोडं वर घ्यावं. गुरुत्वमध्य खाली ओढलेली बस टक्कर झाल्यावर बुडाला शिसं भरलेल्या बाहुलीसारखी उभी राहते, ते खोटं दिसतं.

प्रकारही वाढले. शहरी बस, विमानतळाची बस, डॅशहाउंड कोच, भाड्याच्या गाड्यांची शटल, टूर बस, कैद्यांची बस, आणि २०१८ मध्ये ऑनलाइनला फेस्टिव्हल बस. मॉड (खेळात स्वतःचा बदल) करणाऱ्याने सुरुवातीला कुठली ओळ उचलावी हे यावरून ठरतं: १२ मीटरच्या मॉडेलला शहरी बस किंवा डॅशहाउंडची. शटलची उचलली तर तुमचा भोवरा पाचव्यातही परत येईल, कारण ती आखूड गाडीसाठी बेतलेली आहे.

चालवणाऱ्यांसाठी एक. पाचव्यात लेस्टर हे पात्र देतं त्या बसवाल्या हत्येच्या कामगिरीत नायकांपैकी फ्रँकलिन शहरी बस थांब्यांवर नेतो आणि सावज सायकलवरून पळतं. तिथे हँडब्रेक मारून बस वळवू नका. मागची चाकं अडकली की ३ मीटरचं बूड रस्त्याच्या पलीकडे जाऊन खांबात अडकतं, आणि मग मागेपुढे करण्यात सावज निसटतं. आधी सरळ रेषेत ब्रेक, चौकाचा मध्य नाकाने ओलांडू द्यायचा, मगच स्टिअरिंग.

---

लांबनाक

सध्या बसलेले आकडे, कोणाला हवे असतील तर: वजन ९५००, टर्न मास ९०,०००, गुरुत्वमध्य उणे ०.२५, ट्रॅक्शन बायस ०.४५, लॉस ०.९, मल्टिप्लायर मूळचाच, लॉक ३५. धावपट्टीवर दुसरा झोका पहिल्यापेक्षा कमी येतो. फ्लॅगमधला ८ आकडे बदलताना खरंच गळलेला होता, तो घातल्यावर रहदारीतल्या बस कोपऱ्यावर फुटपाथ सोडून चालायला लागल्या.

एक अडलं. फाइल जतन केली तरी कधीकधी खेळात जुनेच आकडे येतात.

---

जडत्वाचा_मित्र

खेळ प्रोग्रॅम फाइल्समध्ये असेल तर विंडोज बदललेली प्रत गुपचूप व्हर्च्युअल स्टोअर फोल्डरमध्ये ठेवू शकतं. मग एडिटरला एक फाइल दिसते आणि खेळ दुसरीच वाचतो. खेळाचा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलव. हँडलिंगची फाइल खेळ सुरू होताना एकदाच वाचली जाते, तेव्हा सेव्ह लोड करून भागत नाही, पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. आणि ओळीतले रकाने मोज. एक आकडा चुकून पुसला गेला तर पुढचे सगळे एकेक घर सरकतात, मग स्टिअरिंग लॉकच्या जागी सस्पेन्शनचा १.२ जाऊन बसतो आणि बस वळायचं नावच घेत नाही.